काचेच्या पेटीतला समुद्र

१८२८ साली सर जॉन डॅलियेल ह्या स्कॉटिश गृहस्थांनी नॉर्थ बेरिकच्या खडकांतून एक समुद्रपुष्प उचलून घरी आणले व काचेच्या बरणीत ठेवले. नाव पुष्प असले तरी हा प्राणी आहे. खडकाला चिकटलेले मांसल देठ, वर मधोमध तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारखे डुलणारे संस्पर्शक, एवढाच त्याचा संसार. आपल्या कोकणातही ओहोटीच्या वेळी खडकांच्या खळग्यांत त्याचे भाईबंद दिसतात. डॅलियेल १८५१ साली वारले. बरणीतले समुद्रपुष्प मात्र जगले. एका सांभाळकर्त्याकडून दुसऱ्याकडे जात जात ते १८८७ पर्यंत टिकले, आणि तेवढ्या काळात त्याला शेकडो पिल्ले झाली. लोक त्याला 'आजी' म्हणत.

एकोणसाठ वर्षे! आणि आज घरोघरी हौसेने आणलेली समुद्रपुष्पे पुष्कळदा काही महिन्यांतच मरतात. २००३ साली 'फाइंडिंग नीमो' हा चित्रपट आला तेव्हापासून नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा मुलांना ठाऊक झाला. मुले हट्ट धरतात, वडील मासा आणतात, आणि माशाला घर हवे म्हणून समुद्रपुष्पही आणतात. साध्या बरणीत जे साधले ते विजेच्या दिव्यांनी आणि पंपांनी सजलेल्या टाकीत का साधू नये?

पहिले कारण असे की, आजी थंड समुद्रातली, मिळेल ते मांस खाऊन राहणारी होती. विदूषक माशाला आसरा देणारी समुद्रपुष्पे उष्ण समुद्रातली असून त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवले राहतात. ही शैवले उजेडावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. उजेड अपुरा पडला की ही शैवले कमी होत जातात, समुद्रपुष्प पांढरे पडते आणि हळूहळू उपासाने झिजते. दुकानातले पांढरेशुभ्र समुद्रपुष्प पाहून गिऱ्हाईक भुलते. ते वस्तुतः आजारी असते.

दुसरे कारण पाण्याचे. समुद्र इतका अफाट की त्याचे गुण एका दिवसात पालटत नाहीत; दोनशे लिटरच्या टाकीत ते एका दुपारीही पालटतात. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि २५ ते २७ अंश सेल्सिअस उष्णता सांभाळावी लागते. दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरसारखे एक साधन पाण्यात सोडले की खारेपणा कळतो, आकडा १.०२५ च्या आसपास हवा. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. म्हणून घटलेली पातळी भरून काढताना गोडे शुद्ध पाणीच घालावयाचे. खारे पाणी घालीत गेले तर टाकी दिवसेंदिवस खारट होत जाते, आणि दोष मात्र माशाला लागतो.

त्याहून नाजूक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. माशांची घाण व उरलेले अन्न कुजून अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. दह्याला विरजण लागते तसे ह्या जिवाणूंना वाळूत आणि दगडांत रुजावे लागते, आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात. मासे त्यानंतर आणावे. समुद्रपुष्पासाठी मात्र निदान सहा महिने, शक्य तर वर्षभर थांबावे.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमचे पहिले समुद्रपुष्प आम्ही तिसऱ्याच महिन्यात आणले. समुद्रपुष्प जागा पसंत नसेल तर सरकत सरकत फिरते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. दुसऱ्या रात्री ते पंपाच्या तोंडाशी गेले. सकाळी पाणी दुधासारखे गढूळ झाले होते आणि दोन्ही मासे तळाशी पडले होते. तेव्हापासून पंपाच्या तोंडाला स्पंजाची टोपी घातल्यावाचून आम्ही निजत नाही.

आता मासा आणि पुष्प ह्यांची मैत्री. १८६८ साली कथबर्ट कॉलिंगवूड ह्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने दक्षिण चीन समुद्राच्या प्रवासात पाहिलेले हे नवल छापून प्रसिद्ध केले. समुद्रपुष्पाच्या संस्पर्शकांत दंशकोशिका असतात. दुसरा लहान मासा शिवला तर तो लुळा पडतो. विदूषक मासा मात्र अंगावरच्या बुळबुळीत लेपामुळे बचावतो. नवा मासा प्रथम भीत भीत शेपटी लावतो, मग पोट, आणि काही तासांनी आत लोळू लागतो. मोबदल्यात तो समुद्रपुष्प कुरतडणाऱ्या माशांना हुसकावतो, आणि त्याच्या मलमूत्रावर शैवले पोसतात.

समुद्रात ह्या माशाला समुद्रपुष्पावाचून गत नाही, कारण बाहेर शत्रू टपलेले असतात. टाकीत शत्रू नसतात. तेथे तो एखाद्या दगडाच्या आडोशाला, कधी कुंडीच्या खापरातही खुशाल नांदतो. म्हणून आमचे सांगणे असे की, माशाकरिता समुद्रपुष्प आणू नका. ज्याला उजेड आणि पाणी वर्षभर सांभाळता आले त्यानेच ते आणावे, आणि तेही समुद्रपुष्पाकरिताच.

मासे दोनच ठेवावे, एक मोठा व एक लहान. हे सर्व मासे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा मादी होतो. मादी मेली की तिचा नर मादी बनतो. चित्रपटातल्या आईविना पोराचा बाप खऱ्या समुद्रात आईच झाला असता! जोडी जमली की मासे दगडावर अंडी घालतात आणि नर आठवडाभर त्यांना परांनी वारा घालीत बसतो.

एडमंड गॉस ह्याने १९०७ साली आपल्या आठवणींत लिहिले आहे की, वडिलांच्या पुस्तकांनी लोकांना समुद्रजीव पाळण्याचे वेड लागले आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे खडक ओरबाडले गेले. वडील फिलिप गॉस ह्यांचे मत्स्यालयावरचे पुस्तक १८५४ चे. आज निदान विदूषक मासे तरी टाक्यांत पैदा केलेले मिळतात. मागताना तसे विचारून घ्यावे. समुद्रपुष्पांतही संस्पर्शकांच्या टोकाला फुगा असणारी एक जात आपणहून दुभंगते व एकाची दोन होतात. आमचे दुसरे समुद्रपुष्प असेच चौथ्या वर्षी दुभंगले. त्यातला एक अर्धा आम्ही शेजारच्या गल्लीतील एका शिक्षकांना दिला. त्यांची टाकी तेव्हा चौदा महिन्यांची होती.