बेळगावची त्वचापेढी

माणूस गेल्यावरचे पहिले सहा तास घरात मोठी धांदल असते. पाहुण्यांना फोन, स्मशानातली सोय, पुण्याहून निघालेल्या लेकीची वाट. याच सहा तासांत बेळगावच्या नेहरूनगरातल्या डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटलला कुणी फोन केला, तरच तिथल्या केएलई-रोटरी त्वचापेढीला काही करता येतं. सांबऱ्याहून बेळगाव दहा-अकरा किलोमीटर. अडचण रस्त्याची नाहीच, त्या गडबडीत हा फोन कुणाला सुचत नाही, ही आहे.

त्वचा काढायला पाऊण तास पुरतो. डर्मॅटोम नावाच्या हातात धरायच्या यंत्राचं पातं मागे-पुढे थरथरत चालतं आणि मांड्या, पोटऱ्या, पाठ इथून त्वचेच्या पातळ पट्ट्या निघतात. जाडी यंत्रावर आधीच ठरवलेली असते, मिलिमीटरच्या काही दशांशाइतकी. चेहऱ्याला हात लावत नाहीत. रक्ताचा नमुना घेतात, पट्ट्या काढलेल्या जागी बँडेज बांधतात आणि देह विधींसाठी घरच्यांच्या स्वाधीन करतात. ‘देह विद्रूप होईल’ ही भीती मी बऱ्याच शिकल्या-सवरल्या घरांतही ऐकली आहे. तिला आधार नाही. दाता अठरा वर्षांवरचा हवा. वरच्या वयाची अट नाही. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, त्वचेचा कर्करोग असेल तर त्वचा घेत नाहीत.

शाळेत ऊतींचे चार प्रकार पाठ करून घेतात: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. परीक्षेनंतर ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत. खरं तर चारही एकाच जागी पाहायचे तर आपली त्वचाच पाहावी. वरचा थर अभिस्तर ऊतीचा. पेशीला पेशी चिकटलेली, मध्ये रक्तवाहिनी नाही. तळाच्या पेशी विभागत राहतात, वर सरकता सरकता मरतात आणि साधारण महिन्याभरात झडून जातात. बाहेरचे जंतू आत न येणं आणि आतलं पाणी बाहेर न जाणं, दोन्ही या मेलेल्या पेशींच्या जिवावर चालतं. हीच ऊती फुप्फुसाच्या वायुकोशात एकाच पेशीच्या जाडीची होते, कारण तिथे अडवायचं नसतं, प्राणवायूला वाट द्यायची असते.

त्याखाली संयोजी ऊती. हिच्यात पेशी थोड्या आणि भोवतालचं द्रव्य जास्त. त्वचेत ते कोलॅजनच्या चिवट तंतूंचं असतं, हाडात कॅल्शियमच्या क्षारांनी कडक झालेलं, रक्तात चक्क पातळ. हाड आणि रक्त एकाच घराण्यातले, हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. अंगावर काटा येतो तो केसाच्या मुळाशी असलेल्या इवल्या स्नायूमुळे. आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूसारखाच तोही आपल्या हुकमात नाही.

उरली चेता ऊती. तिच्याबद्दलची एक गोष्ट घरोघरी माहीत हवी. खोल भाजलेल्या जागी दुखतच नाही, कारण संवेदना नेणारी टोकंच जळालेली असतात. ‘दुखत नाही म्हणजे थोडक्यात निभावलं’ असा समज करून घेणारे उपचाराचा मोलाचा वेळ घालवतात.

निम्मं अंग भाजलेल्या माणसाला लावायला त्याची स्वतःची त्वचा पुरत नाही. उघड्या जखमेतून पाणी आणि प्रथिनं पाझरत राहतात, जंतू शिरतात. तिथे पेढीतली त्वचा कामाला येते. ती ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, ४ ते ८ अंश सेल्सियसला, पाच वर्षांपर्यंत टिकते. ग्लिसरॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे पेशी मरतात, पण तंतूंची वीण शाबूत राहते. रक्तगट जुळवावा लागत नाही. ही त्वचा रुग्णाच्या अंगावर कायमची राहत नाही. दोन-तीन आठवड्यांत शरीर ती नाकारतं. तेवढ्या अवधीत जखम झाकलेली राहते, वेदना कमी होतात आणि रुग्णाची स्वतःची त्वचा लावायची तयारी होते.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी पेढी २००० साली सुरू झाली. त्याआधी, १९८८पासून, टाटा मेमोरियलची ऊतीपेढी हाडं आणि वारेबरोबर येणारा पातळ पडदा गॅमा किरणांनी निर्जंतुक करून पुरवते आहे. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या नावात ‘ऊती’ हा शब्द मात्र २०११च्या दुरुस्तीनंतर आला.

आपल्या भागाला देहदान नवं नाही. बैलहोंगलचे डॉ. बसवण्णेप्पा रामण्णावर २००८ साली वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे २०१० साली त्यांच्या देहाचं विच्छेदन झालं आणि ते केलं त्यांच्याच मुलानं. डॉ. महांतेश रामण्णावर हे बेळगावच्या केएलई आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवणारे. विद्यार्थ्यांसमोर त्यांनी वडिलांच्या देहावर शस्त्र धरलं. एवढं धैर्य प्रत्येकाकडून मागू नये. त्वचादान त्यामानानं पुष्कळ सोपं आहे, कारण देह घरीच राहतो आणि अग्नी द्यायचा की माती, ते घरचेच ठरवतात.

हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, सांबरा इथे गावोगावची मराठी साहित्य संमेलनं भरतात. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एका टेबलावर त्वचादानाची माहिती ठेवायला काय हरकत आहे? अर्ज आधी भरलेला नसला तरी अडत नाही; जवळच्या नातेवाइकांची संमती चालते. पंखा बंद करून खोली थंड ठेवायची की नाही, डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागेल का, असल्या शंका फोनवरच विचाराव्यात. फोन तेवढा सहा तासांच्या आत, जमलं तर पहिल्याच तासात करावा.