"आनंदात राहा" म्हणतो, पण हंडा कोण आणणार?



मे महिन्यात बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यात आपल्या गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीत नोंदी झाल्या आणि मी गरोदरपणातल्या काळजीचा विषय काढला. खरं सांगते, या विषयावर बोलताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं. माझं अजून लग्न नाही आणि समोर चार-चार बाळंतपणं झालेल्या आज्या बसलेल्या असतात. तरी ट्रेनिंगमध्ये शिकले होते तसं म्हटलं, "या दिवसांत बाईनं आराम करावा, आनंदात राहावं."

दाराशी सातवा महिना लागलेली एक सून बसली होती. ती हळूच म्हणाली, "ताई, राहीन की आनंदात. पण हंडे कोण आणील?"

दोघी-तिघी हसल्या. मग सगळ्याच गप्प झाल्या. तिची सासूसुद्धा तिथंच होती.

एमआयडीसीचं हे धरण १९७२ सालचं. त्याचं पाणी अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरकडे नळानं जातं. इथली बाई मात्र उन्हाळ्यात चढ चढून डोक्यावरून पाणी आणते. १५ लिटरचा एक हंडा म्हणजे १५ किलोपेक्षा जास्त ओझं. दोन हंडे म्हणजे ३० किलो, आणि अशा दिवसाला चार-पाच खेपा. त्या दिवशी मला कळलं, की नुसतं "आराम कर" सांगून भागत नाही. आराम द्यावा लागतो, आणि तो आजूबाजूच्या माणसांनी द्यायचा असतो.

शरीरात काय चाललेलं असतं?

बाळाला पोसण्यासाठी आईच्या अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं. हृदयाला जास्त काम पडतं, म्हणून थोडं चाललं तरी धाप लागते. सांधे सैल होतात, पोटाचा भार पुढे येतो, म्हणून कंबर दुखते. "नाटकं करते" असं आपण पटकन बोलून जातो, पण ती खरोखर दमलेली असते.

अंगाला बरं वाटावं म्हणून

- रात्री आठ तास झोप आणि दुपारी निदान एक-दोन तास आडवं होणं. शेवटच्या महिन्यांत उताणं न झोपता डाव्या कुशीवर झोपा. दोन गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी ठेवली की कंबरेला आराम पडतो.
- भरलेला हंडा, मोळी, भाताचं पोतं उचलू नका. लावणीला दिवसभर वाकून राहू नका. हलकं काम आणि रोजचं थोडं चालणं चांगलं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर मात्र त्यांचं ऐका.
- एकदम पोटभर जेवलं की जळजळतं. थोडं थोडं, चार-पाच वेळा खा. नाचणीची भाकरी, डाळ, शेवग्याचा पाला, अंडी, सुकट, जे घरात असेल ते. "जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अडतं" या भीतीनं पोट मारू नका. त्यानं आईच अशक्त होते.
- लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक. ती चहासोबत नको, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळ्या डब्यात साठवू नका.

मनाचं काय?

पहिलटकरणीला बाळंतपणाची भीती वाटते. कुणाला पैशाची काळजी, कुणाला "यावेळी मुलगाच हवा" या बोलण्याचा घोर. मुलगा की मुलगी हे वडिलांकडून येणाऱ्या बीजावर ठरतं. त्यात बाईचा काही दोष नसतो, एवढं तरी घरात सगळ्यांना माहीत हवं.

सतत रडू येत असेल, झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल आणि असं दोन आठवडे चाललं असेल, तर आशाताईला किंवा नर्सबाईंना सांगा. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर एक दिवसही थांबू नका. १४४१६ या सरकारी नंबरवर फुकट बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर १८१ नंबर आहे.

पैशाची काळजी थोडी हलकी करणाऱ्या सोयीही आहेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत होतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत नियमांत बसणाऱ्या आईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. फॉर्मसाठी अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना विचारा.

हे दिसलं तर थांबू नका

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोंडावर सूज, झटके, ताप, पोटात जोराची कळ, बाळाची हालचाल कमी वाटणं. यातलं काहीही झालं तर "सकाळी बघू" म्हणू नका, लगेच १०८ ला फोन करा. पाडा आत असेल तर गाडी कुठपर्यंत येते आणि तिथवर कोण नेणार, हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा.

त्या बैठकीत पुढे काय झालं?

एक आजी म्हणाल्या, "आम्ही नवव्या महिन्यापर्यंत लावणी केली, काय झालं आम्हाला?" मी विचारलं, "आजी, तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का, दुखतंय का म्हणून?" आजी जरा थांबल्या. म्हणाल्या, "नाही गं. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं."

मग गटानंच ठरवलं. बाळंतपण होईपर्यंत रोज एका घरानं त्या सुनेसाठी दोन हंडे आणायचे, पाळीपाळीनं. उरलेलं पाणी नवऱ्यानं सायकलवरून आणायचं. हे त्याला सांगायचं काम सासूबाईंनी स्वतःहून घेतलं. पाळीची यादी हप्त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली.

जूनमध्ये मी परत गेले तेव्हा ती सून ओट्यावर पाय लांब करून तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ताई, आता दुपारी झोप लागते." पाळी दोनदा चुकली होती, हेही तिनं सांगितलं. ज्यांची चुकली त्यांनी दुसऱ्या दिवशी चार हंडे आणून दिले.

ताईंनो, लावणी आता तोंडावर आहे. पुढच्या बैठकीत हप्ते झाले की एवढं विचारा: आपल्या गटात, शेजारच्या घरात गरोदर कोण आहे? तिचं पाणी कोण आणतं? तिच्या वाटची लावणी कोण करणार? उत्तरं वहीत लिहून ठेवा. मी आले की आपण मिळून बघू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक