छायाचित्र कोणाचे?

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या वायुदुर्घटनेत दगावलेल्या एका अज्ञात बालकाच्या दफनाचे छायाचित्र रघू राय व पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही घेतले. प्रसंग एकच, परंतु प्रत्येकाचा हक्क आपापल्या चित्रापुरता. कायदा घटनेला नव्हे, कृतीला संरक्षण देतो.

मात्र अरेरा कॉलनीतील एखाद्या यजमानाने मोबदला देऊन विवाहाची छायाचित्रे काढवून घेतली, तर १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, विरुद्ध करार नसल्यास, हक्क यजमानाचा ठरतो. स्वतंत्र व्यावसायिकाने स्वेच्छेने काढलेल्या चित्राचा हक्क त्याचाच असतो. केवळ प्रत विकल्याने तो जात नाही. वापराची परवानगी द्यावयाची ती लेखी द्यावी. तीत उपयोग, मुदत व मोबदला नमूद करावा. हा कागद काम स्वीकारतानाच करणे दोघांच्याही हिताचे आहे.