स्पीकर कशावर ठेवाल?

शोकेसच्या फळीवर ठेवलेल्या स्पीकरसोबत फळीही थरथरते. मग डग्ग्याची घुमक लांबत जाते आणि थाप कुठे संपली तेच कळत नाही. दोष बहुधा स्पीकरचा नसतो, खालच्या पोकळ लाकडाचा असतो. म्हणून जड, न डुगडुगणारा स्टँड घ्या.

उंची नेहमीच्या खुर्चीत बसून ठरवा: ट्विटर, म्हणजे बारीक स्वरांचा छोटा स्पीकर, कानाच्या रेषेत यायला हवा. लहान स्पीकरना साधारण ६० सेंटिमीटरचा स्टँड पुरतो. त्याचे पाइप पोकळ असतील तर कोरडी वाळू भरा. स्टँडचा कंप तिच्यात जिरतो. टोकदार पाय गालिच्यातून खालची जमीन पकडतात, पण उघड्या फरशीवर ओरखडे पाडतात. तिथे रबराचे पाय लावा. स्पीकर टेबलावर ठेवायचेच असतील, तर खाली दाट फोम हवाच.