साखरेचा आजार आणि क्षय

आमच्या अमडापुरात एक कास्तकार आहेत. त्यांना मधुमेह, म्हणजे साखरेचा आजार आहे. मागच्या हिवाळ्यात त्यांचे अंग वाळू लागले. बल्लाळदेवीच्या देवळापर्यंत चालणेही होईना. खोकला होताच. आम्ही पारावर बसून म्हणायचो, "शुगर वाढली असेल, तिनेच माणूस वाळतो." शाळेत आरोग्याचे धडे शिकवलेली आम्ही माणसे, पण आम्हीही तेच म्हणालो! दोन महिने असेच गेले. शेवटी त्यांच्या सुनेने हट्ट धरून बेडका तपासायला लावला. क्षय निघाला.

चूक कशी झाली पाहा. मधुमेहात वजन उतरते, थकवा येतो. क्षयातही तेच होते. एक रोग दुसऱ्याच्या आड लपतो.

क्षय हा जंतूंचा रोग. हा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी 1882 साली शोधला. रोगी खोकला की जंतू हवेत येतात आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या छातीत शिरतात. शिरले म्हणजे रोग झालाच, असे नाही. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. वावरात रात्री जागल करणाऱ्या राखणदाराचे काम त्या करतात. जंतूंना कोंडून ठेवतात. पण रक्तातली साखर फार दिवस चढलेली राहिली, की हे राखणदार सुस्तावतात. मग दबून बसलेले जंतू उठतात. म्हणून मधुमेह असलेल्याला क्षयाचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो.

उलटही होते. क्षयाने अंगात ताप असला की साखर आणखी चढते. शिवाय क्षयावरचे रिफाम्पिसिन हे औषध मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर कमी करते. मग डॉक्टरांना गोळ्या बदलाव्या लागतात, कधी इन्सुलिनची सुई द्यावी लागते. म्हणून डॉक्टरांना दोन्ही आजार सांगावे.

आफ्रिकेतल्या अनेक देशांत एचआयव्हीमुळे क्षय बळावला. आता तेथेही मधुमेह वाढतो आहे, आणि तिथल्या डॉक्टरांनाही या जोडीची काळजी लागली आहे. मधुमेह हा शहरातल्या सुखी माणसाचा रोग, ही समजूत आता सोडा. आपल्याकडे 2017 साली सरकारने ठरवले, की क्षयरोग्याची साखर तपासायची आणि मधुमेह्याला खोकला, ताप आहे का ते विचारायचे. कोणी विचारले नाही, तर आपण होऊन सांगावे. दोन आठवडे खोकला हटला नाही, तर बेडका तपासावा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि क्षयाची औषधे फुकट मिळतात. साधा क्षय बहुधा 6 महिन्यांच्या औषधाने बरा होतो, मात्र मध्येच गोळ्या सोडता कामा नये.

खाण्याचा घोळ मात्र मोठा. आमच्या कास्तकारांना भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, "क्षय आहे, खुराक पाहिजे," आणि गुळाचे लाडू ठेवून जाई. लाडवाने साखर चढे. सुनेने लाडू पोरांना वाटले आणि सासऱ्यांना ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, उकडलेली अंडी सुरू केली. क्षयरोग्याला सकस अन्नासाठी सरकारकडून महिन्याला 1000 रुपये खात्यात मिळतात. पूर्वी 500 मिळत, नोव्हेंबर 2024 पासून वाढले. त्यातच अंड्यांचा खर्च निघाला.

आता त्यांना चौथा महिना चालू आहे. परवा ते देवळापर्यंत चालत गेले आणि परतताना पारावर आमच्याजवळ बसले. सून गोळ्यांची वेळ झाली म्हणून हाक मारीत होती.