क्लाउड सॉफ्टवेअर घेताय? आधी बाहेर पडायचा रस्ता विचारा



घाटकोपरचं कपड्यांचं दुकान असो, अंधेरी एमआयडीसीतलं छोटं वर्कशॉप असो की बोरिवलीची केटरिंग सर्व्हिस, बिलिंग क्लाउडवर न्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "महिन्याला किती?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो नंतर विचारा. आधी विचारा, "उद्या मी सोडून गेलो, तर माझा डेटा मला कसा देणार?"

क्लाउडचा फायदा मुंबईकराला वेगळा सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. तळमजल्यावर पाणी शिरलं की वह्या काय आणि कॉम्प्युटर काय, दोन्ही भिजतात. डेटा दुसरीकडे असेल तर तो वाचतो. पण दुसरीकडे म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यात, हेही लक्षात ठेवा.

जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या तेल कंपनीवर युरोपियन युनियनने निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने तिची ईमेल आणि टीम्सची सेवा थांबवली. लायसन्सचे पैसे भरलेले आहेत, असं नायराचं म्हणणं होतं. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली आणि काही दिवसांत सेवा सुरू झाली. आपल्यावर निर्बंध कोणी लावणार नाही, पण पेमेंट अडकलं किंवा सर्व्हिसच बंद पडली तर? तेव्हा कोर्टात जायला वेळ नसतो. ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचा असतो!

म्हणून पैसे भरण्याआधी हे चार प्रश्न विचारा:

१. बिलं, स्टॉक, पार्टीची उधारी हे सगळं एक्सेलमध्ये काढता येतं का? नुसत्या पीडीएफवर भागत नाही.

२. सबस्क्रिप्शन संपल्यावर जुना डेटा किती दिवस मिळेल? जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. सॉफ्टवेअर बदललं म्हणून ही जबाबदारी सुटत नाही.

३. बॅकअप कुठे राहतो? तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर हवा आणि १ एप्रिल २०२३ पासून ऑडिट ट्रेलही लागतो.

४. अ‍ॅडमिन लॉगिन कोणाच्या ईमेलवर? मालक तुम्ही, तर ईमेलही तुमचाच. अकाउंटंटचा किंवा डीलरचा नको.

उत्तर "होतं ना साहेब" असं आलं, तर म्हणा, "आत्ता करून दाखवा." ट्रायलमध्ये एका महिन्याची खरी बिलं टाका, सगळा डेटा बाहेर काढा आणि ती फाइल तुमच्या सीएला पाठवा. त्यांच्याकडे टोटल जुळली, तरच पुढे दराची घासाघीस करा.

आणि सॉफ्टवेअर आधीच वापरताय? मग आज दुकान बंद करण्याआधी एकदा पूर्ण डेटा काढून बघा. जमलं तर ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. नाही जमलं, तर उद्या सकाळचा पहिला फोन सॉफ्टवेअरवाल्याला.