स्वरतंतूंचा कॅन्सर आणि लेझर: कॅन्सर जाईल, पण आवाजाचं काय?

माझं पोट आवाजावर चालतं, त्यामुळे आजचा विषय मला जरा जास्तच जवळचा. स्वरतंतूंचा कॅन्सर सुरुवातीलाच सापडला, तर लेझर ऑपरेशनने नेमकं काय साधतं?

आधी जागा समजून घेऊ. बोलताना आपले दोन स्वरतंतू एकमेकांना भिडून थरथरतात, पुरुषांत सेकंदाला शंभरेक वेळा, बायकांत दोनशेच्या आसपास. त्यावर बारीकसा उंचवटा आला तरी आवाज घोगरा होतो. म्हणजे हा कॅन्सर स्वतःच लवकर चुगली करतो. शिवाय तिथे लसिकावाहिन्या फार कमी, म्हणून सुरुवातीला तो मानेतल्या गाठींपर्यंत क्वचितच पोचतो.

कॅन्सर स्वरतंतूंपुरताच आहे आणि तंतू नीट हलतायत, तर डॉक्टर त्याला 'टी-वन' म्हणतात. आज मी त्याबद्दलच बोलतोय.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं. तोंडातून धातूची नळी घालतात आणि मायक्रोस्कोपमधून बघत कार्बन डायऑक्साइड लेझरने गाठ कापतात. पेशींमधलं पाणी हा लेझर चटकन शोषून घेतं, त्यामुळे काप नेमका बसतो आणि रक्तस्राव कमी होतो. गळ्यावर बाहेरून एकही टाका नाही. बॉस्टनमध्ये स्ट्राँग आणि जाको यांनी स्वरयंत्रासाठी हा लेझर वापरल्याला १९७२ पासून पन्नासहून जास्त वर्षं झाली, म्हणजे हा काही नवा प्रयोग नाही.

आता निकाल. टी-वनमध्ये पाच वर्षांनंतरही साधारण ८५ ते ९५ टक्के पेशंटमध्ये त्या जागी कॅन्सर परतलेला नसतो. आणि गंमत म्हणजे, रेडिएशनचे आकडेही जवळपास तेवढेच! मग निवड कशावर करायची?

एक, वेळ. रेडिएशन म्हणजे पाच ते सात आठवडे जवळजवळ रोज हॉस्पिटल. लेझर बहुतेकदा एकाच बैठकीत होतं.

दोन, पुढचा रस्ता. लेझरनंतर कॅन्सर परतला तर पुन्हा लेझर करता येतं, रेडिएशनही हाताशी उरतं. रेडिएशन मात्र त्याच जागी पुन्हा पूर्ण डोसने देणं सहसा शक्य नसतं. मग मोठं ऑपरेशन, कधीकधी अख्खं स्वरयंत्र काढण्याची वेळ येते.

तीन, आवाज. फक्त वरचा पापुद्रा काढला, तर काही महिन्यांत आवाज बऱ्यापैकी पूर्ववत होतो. आतला स्नायूही काढावा लागला, तर आवाज दमट्या श्वासासारखा, हवा सुटल्यासारखा येतो. अशा वेळी रेडिएशनने आवाज जास्त चांगला राहू शकतो. दोन्ही तंतू पुढे जिथे जुळतात तिथे गाठ असेल, तर लेझरचं कामही अवघड आणि कॅन्सर परतण्याची भीतीही जास्त.

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: किती खोल कापणार? माझा आवाज कसा होईल? परतला तर पुढे काय? शिक्षक, गायक, सेल्सवाले यांनी आपलं काम आधीच सांगावं. सिगारेट सोडायची, आणि पहिली दोन वर्षं तरी दर काही महिन्यांनी दुर्बिणीने तपासणी चुकवायची नाही.

ही सगळी निवड लवकर आलेल्यालाच मिळते. घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, आणि ते कळायला काही मिनिटं पुरतात. घरात कोणाचा आवाज असा बसलेला असेल, तर हा भाग त्यांना आजच पाठवा.